इतिहासाचं पुस्तक जिथे संपतं, तिथून पुढे कोण शिकवतं?

खडूताई

वर्षाच्या शेवटच्या तासिकेला पुस्तक मिटलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पुढे काय झालं?"

पुस्तक ज्या सालाला थांबतं त्याच्या नंतर या मुलाच्या आईवडिलांचा जन्म. म्हणजे त्याच्या घरात जेवढी माणसं आज वावरतात, त्यांच्या तरुणपणातला एक दिवसही त्या पुस्तकात नाही. मी ठरलेलं उत्तर दिलं, "ते वरच्या वर्गात." वरच्या वर्गात काय आहे ते मला ठाऊक आहे. तिथेही नाही. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो म्हणाला, "असू दे बाई, मला माहितीये. काकांनी व्हिडिओ पाठवलाय."

सोळा वर्षं माध्यमिकला इतिहास शिकवतेय. काय शिकवावं यावर भांडणं पुष्कळ ऐकली: कुणाला किती पानं, कोण नायक, कोण खलनायक. कुठे थांबावं यावर मात्र कुणी भांडताना दिसत नाही. आणि मला तर वाटायला लागलंय की खरा प्रश्न तोच आहे.

आधी एक नियम. आपल्याकडच्या पुस्तकांवर इथे ढिगाने धागे आहेत. प्रत्येक धागा पाचव्या प्रतिसादाला पक्षांवर घसरतो आणि विसाव्याला वाचनमात्र होतो. म्हणून या धाग्यात उदाहरणं बाहेरच्या देशांची द्यायची. घरचं जे समजायचं ते आपोआप समजेल.

माझ्याकडची तीन उदाहरणं:

लेबनॉन. १९७५ ते १९९० यादवी युद्ध. ते संपवणाऱ्या १९८९ च्या तैफ करारातच लिहिलं होतं की इतिहास आणि नागरिकशास्त्राची पुस्तकं देशभर एकसारखी करायची. नागरिकशास्त्राचं जमलं, इतिहासाचं आजतागायत नाही. समित्या बसल्या, मसुदे झाले, मोडले. शाळांतला इतिहास बहुतेक ठिकाणी १९४३ च्या स्वातंत्र्याच्या आसपास येऊन थांबतो. ज्या युद्धाच्या गोळ्यांच्या खुणा शाळेच्या वाटेवरच्या भिंतींवर आहेत, ते युद्ध पुस्तकात नाही.

रवांडा. १९९४ च्या वंशसंहारात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्यानंतर सरकारने शाळांतून इतिहास शिकवणंच थांबवलं. विषयच स्थगित, आणि तोही एकदोन वर्षांसाठी नाही.

बॉस्निया. तिथे बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब असे तीन अभ्यासक्रम. काही ठिकाणी तर एकाच इमारतीत दोन शाळा, दारं वेगळी, वेळा वेगळ्या. २००० साली युरोपीय परिषदेनेच सुचवलं की १९९२ ते ९५ चं युद्ध तूर्तास शिकवू नका, आधी इतिहासकारांना काही ठरवू द्या. ते 'तूर्तास' वर्षानुवर्षं चाललं.

तिन्हीकडे हेतू चांगला: जखम ओली आहे, हात लावू नका. पण मुलं तेवढ्या वेळात मोठी होतात. त्यांना ते कुणीतरी सांगतंच. मग राष्ट्र घडवायचं म्हणून जो विषय आपण ठेवलाय, तो नेमका गरजेच्या ठिकाणी वर्गाबाहेर जाऊन उभा राहतो. शिकवणाऱ्यांनी आणि शिकलेल्यांनी, दोघांनीही लिहा.

सनावळी

ताई, मांडणी आवडली, पण मी विरुद्ध बाजूने लिहिणार.

चौदा वर्षांच्या मुलाला आधी एक गोष्ट लागते. आपण कोण, कुठून आलो, इथवर कसे पोचलो. ती नीट बसली की मग तिच्यातली भोकं दाखवा. आधी भोकं दाखवून मग गोष्ट सांगता येत नाही.

फ्रान्स बघा. १८७०-७१ ला प्रशियाकडून सपाटून मार खाल्ला. तेव्हाच्या फ्रान्समधल्या कितीतरी खेड्यांत लोक घरी फ्रेंच बोलतही नव्हते. ब्रेतों, ऑक्सितान, बास्क असं आपापलं बोलत. १८८१-८२ च्या ज्यूल फेरीच्या कायद्यांनी शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं, आणि अर्नेस्ट लाविससारख्या इतिहासकाराने शाळेची पुस्तकं लिहिली. गॉल या तिथल्या प्राचीन लोकांपासून प्रजासत्ताकापर्यंत एक सरळ धागा. इतिहास म्हणून त्यात खोट काढाल तेवढी थोडी, पण त्या पुस्तकांवर वाढलेली पोरं स्वतःला फ्रेंच म्हणवू लागली. राष्ट्रउभारणी म्हणतात ती हीच. ती अशीच झाली आहे, जवळपास सगळीकडे.

आणि कुठे थांबावं याचं उत्तर साधं आहे: एक पिढी मागे. पंचवीस-तीस वर्षांच्या अलीकडचं ते राजकारण, पलीकडचा तो इतिहास. कागदपत्रं खुली होत नाहीत, माणसं हयात असतात, शिक्षकाचं स्वतःचं मत आड येतं. न शिकवण्यात शहाणपण असतं कधी कधी.

शंकासुर

राष्ट्र बांधायचं असेल तर रेल्वे बांधा, टपाल वेळेवर पोचवा. इतिहासाच्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो आणि उरलेला पुढच्या तासाचा गृहपाठ करतो. एवढ्या पेंगत्या प्रेक्षकांकडून कुठलं राष्ट्र घडणार हो?

तळटीप

सनावळी, फ्रान्सची गोष्ट सांगितलीत, पण तुम्हीही सोयीच्या जागी थांबलात. 'आपले पूर्वज गॉल' हे धडे आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींच्या शाळांतही म्हणून घेतले गेले. सेनेगलचं पोर गॉलांचा नातू! आणि तो सरळ धागा पुढे गळ्याशी आला. २००५ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने कायदा केला, त्यात कलम घातलं की शालेय अभ्यासक्रमाने वसाहतकाळाची, विशेषतः उत्तर आफ्रिकेतली, 'सकारात्मक भूमिका' मान्य करावी. इतिहासकार आणि शिक्षक खवळले आणि पुढच्याच वर्षी ते वाक्य कायद्यातून काढावं लागलं. संसदेने धडा लिहायला घेतला की असं होतं.

अर्नेस्ट रेनाँ हा फ्रेंच विचारवंत १८८२ साली, म्हणजे फेरीच्या कायद्यांच्याच वेळी, सोरबॉनमधल्या व्याख्यानात म्हणाला होता की विस्मरण आणि इतिहासाविषयीची चूकसुद्धा राष्ट्र घडण्यातला आवश्यक घटक आहे, आणि म्हणून इतिहाससंशोधनाची प्रगती राष्ट्रीयत्वाला बऱ्याचदा धोक्याची ठरते. हे वाक्य दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. मीही वापरतो.

खडूताई, रवांडाबद्दल एक भर. तिथे शाळेतला इतिहास हा निष्पाप बळी नव्हता. बेल्जियन काळापासून शिकवलं जात होतं की तुत्सी (तिथला अल्पसंख्य समाज) हे बाहेरून, उत्तरेकडून आलेले, जात्याच राज्य करणारे. वसाहतवाल्यांनी ते तुत्सींना वर बसवायला वापरलं. १९६२ च्या स्वातंत्र्यानंतर सत्ता बहुसंख्य हुतूंकडे फिरली आणि तोच धडा उलटा वापरला गेला: हे परके आहेत, घुसलेले आहेत. धडा एकच, मालक बदलले. तेव्हा १९९४ नंतर तो विषय थांबवणाऱ्यांना मी एकदम नावं ठेवणार नाही. कुठल्या पुस्तकातून शिकवणार होते? पुढे २०१६ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात वंशसंहाराचा विषय नीट बांधून घेतला गेला, पण तिथेही वांशिक ओळखींवर मोकळं बोलायला शिक्षक कचरतात.

मधली_सुट्टी

मी दोन वर्षांपूर्वीच शाळेतून सुटलोय, म्हणून लाभार्थी या नात्याने बोलतो.

तुम्ही सगळे धरून चाललात की शेवटचा धडा शिकवला जातो. अहो, तो होतच नाही! पहिले धडे महिना महिना चालतात, दगडाची हत्यारं तर आम्ही घासून गुळगुळीत केली होती. मग स्नेहसंमेलन, मग क्रीडासप्ताह, मग 'पोर्शन राहिलाय' म्हणून धावपळ, आणि शेवटचे दोन धडे 'घरी वाचा'. वर सांगतात, यावर दोन मार्कांची टीप येईल फक्त. त्यामुळे पुस्तक कुठलंही साल छापू दे, आमचा इतिहास त्याच्या तीस वर्षं आधीच संपला.

बाकी काकांच्या व्हिडिओबद्दल: काकांचा व्हिडिओ आम्ही पूर्ण बघतो. कारण त्यात कुणीतरी चिडलेलं असतं. पुस्तकात कधीच कुणी चिडत नाही. 'असंतोष पसरला' एवढंच असतं.

खडूताई

मधली_सुट्टी, 'असंतोष पसरला' वर मी खुर्चीत एकटीच हसले. घटकनियोजनात शेवटच्या घटकाला तीन तासिका लिहिलेल्या असतात आणि प्रत्यक्षात एकही मिळत नाही, हे कबूल. खरं तर क्रम उलटा घ्यायला काय हरकत आहे? आजपासून मागे. कुणी केलंय का असं?

सनावळी, एक पिढी मागे थांबायचं म्हणता, ते मला शिक्षिका म्हणून सोयीचंच आहे, खोटं का बोलू. माझ्या वर्गात दोन्ही बाजूंची मुलं असतात. एक शब्द इकडचा तिकडे झाला की दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दालनात. एकदा आले आहेत. काय शब्द होता ते सांगत नाही. तेव्हा माझ्या पाठीशी कुणी उभं राहिलं नाही, हे मात्र सांगते. त्यामुळे गप्प बसण्यामागे शहाणपण किती आणि भीती किती, हे मला स्वतःपुरतं तरी ठाऊक आहे.

अर्धविराम

उलट्या क्रमाचं एक गमतीदार उदाहरण आहे. मी बरीच वर्षं जर्मनीत आहे, मुलगी इथेच शिकली.

२००३ साली फ्रेंच-जर्मन मैत्रीकराराला चाळीस वर्षं झाली, तेव्हा दोन्ही देशांतल्या शाळकरी मुलांची एक 'युवा संसद' भरली होती. त्या पोरांनी मागणी केली: आम्हाला दोघांना एकच इतिहासाचं पुस्तक द्या. आणि दिलं हो! दोन भाषा, मजकूर एकच. तीन खंड निघाले. त्यातला पहिला २००६ साली आला तो कशावर? १९४५ नंतरच्या काळावर. दुसरा २००८ ला, १८१५ ते १९४५. आणि प्राचीन काळापासूनचा खंड सगळ्यात शेवटी, २०११ ला. आजपासून मागे.

यातही महत्त्वाकांक्षा फार मोठी नव्हती. शाळांनी ते पुस्तक काही डोक्यावर घेतलं नाही. दोन्हीकडचे अभ्यासक्रम वेगळे, परीक्षा वेगळ्या. पण दोन महायुद्धं एकमेकांशी लढलेल्यांनी एका पुस्तकावर सही केली, हे काही थोडं नाही.

दुसरी गोष्ट खडूताईंच्या भीतीबद्दल. इथे शिक्षकांच्या तोंडी 'बॉयटेल्सबाख' हे नाव सारखं असतं. ते एक गाव आहे. १९७६ साली तिथे राजकीय शिक्षण शिकवणारी डाव्या-उजव्या मतांची मंडळी जमली होती, आणि त्या बैठकीतून तीन गोष्टी निघाल्या. विद्यार्थ्याला आपल्या मताखाली दडपायचं नाही. जे समाजात आणि अभ्यासकांत वादाचं आहे, ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला परिस्थितीत आपलं हित कशात आहे ते ओळखता आलं पाहिजे. कायदा नाही, मतदानही झालं नव्हतं म्हणतात, तरी टिकलं. शिक्षकाला त्याचा फायदा असा की पालक आले तर तो म्हणू शकतो, मी माझं मत सांगितलं नाही, दोन्ही मतं मांडली, आणि तेच माझं काम आहे.

याचा अर्थ जर्मनीत सगळं छान असा घेऊ नका. युद्धानंतरची पहिली वीसेक वर्षं इथेही पुष्कळ वर्गांत इतिहास बिस्मार्कपाशीच, म्हणजे एकोणिसाव्या शतकातच रेंगाळायचा. शिकवणारे मास्तर कोण होते, तेही बघायला हवं. तेच नाझी काळातून आलेले.

तळटीप

अर्धविराम, छान. एक छोटी दुरुस्ती नव्हे, पुस्ती: तो खंड आधी आला कारण पुस्तक उच्च माध्यमिकसाठी होतं आणि सुरुवात शेवटच्या वर्गापासून केली. तत्त्वज्ञान कमी, सोय जास्त. पण परिणाम तोच. तसंच जर्मन-पोलिश पाठ्यपुस्तक आयोग १९७२ पासून काम करत होता, शीतयुद्ध ऐन भरात असताना. त्यांचं सामायिक पुस्तक यायला २०१६ उजाडलं, चौथा आणि शेवटचा खंड २०२० ला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं. ज्यांना 'दोन महिन्यांत नवा अभ्यासक्रम' हवा असतो त्यांनी हे फळ्यावर लिहून ठेवावं.

आता जपान, कारण 'थांबणं' या शब्दाचा अक्षरशः अर्थ तिथे दिसतो. १९४५ च्या ऑगस्टमध्ये शरणागती. नवी पुस्तकं छापायला कागद नाही, वेळ नाही. शिक्षकांनी मुलांना ब्रश आणि शाई घ्यायला सांगितली आणि त्यांच्याच पुस्तकांतल्या युद्धाचा गौरव करणाऱ्या ओळी त्यांच्याच हातांनी काळ्या करवल्या. कालपर्यंत जे पाठ म्हणून घेतलं, ते आज स्वतः खोडायचं. काही पानांवर अक्षरापेक्षा काळंच जास्त उरलं. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने नीतिशिक्षण, जपानचा इतिहास आणि भूगोल हे तिन्ही विषयच स्थगित केले. ती पिढी पुढे सरकारी छापील शब्दाकडे काय नजरेने पाहत असेल?

त्याच देशात इएनागा साबुरो हा इतिहासकार होता. त्याच्या माध्यमिक शाळेच्या पुस्तकात सरकारी तपासनिसांनी बदल सांगितले, म्हणून १९६५ मध्ये तो कोर्टात गेला. एकूण तीन दावे. शेवटचा निकाल १९९७ ला. बत्तीस वर्षं! पाठ्यपुस्तक तपासण्याची पद्धत कोर्टाने घटनाबाह्य ठरवली नाही, पण मांचुरियात माणसांवर जैविक प्रयोग करणाऱ्या ७३१ व्या तुकडीचा उल्लेख काढायला लावणं बेकायदा ठरवलं. बत्तीस वर्षांत एवढं पदरात पडलं.

सनावळी

तळटीप, तुमची उदाहरणं वाचून माझाच मुद्दा घट्ट होतोय. हरलेल्या देशांना कबुलीजबाब शिकवावा लागतो कारण बाहेरच्याने डोक्यावर काठी धरलेली असते. ज्यांच्या डोक्यावर काठी नाही त्यांचं सांगा.

अमेरिका घ्या. तिथे इतिहासाच्या राष्ट्रीय मानकांचा मसुदा १९९४ मध्ये आला. शिक्षक, अभ्यासक, सगळे दोनेक वर्षं बसून केलेला. बोंब झाली की यात दोष जास्त आणि थोर पुरुष कमी. १९९५ च्या जानेवारीत सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्याचा निषेध केला. दोन्ही पक्ष, एका सुरात. लोकशाहीतल्या पालकांना काय हवंय ते यातून कळतं. त्यांना गोष्ट हवी असते. सगळेच मूर्ख, असं म्हणता येईल का?

शंकासुर

९९ विरुद्ध १. पोरांनी वर्गात एवढ्या एकमताने उत्तर दिलं असतं तर बाईंनी कॉपी पकडली असती.

निमित्तमात्र

हे सगळं ठीक आहे पण आपल्याकडे मागच्या वेळी जेव्हा

*(पुढचा मजकूर धाग्याच्या नियमानुसार काढला आहे. संपादक)*

मधली_सुट्टी

आणि इथेही इतिहास थांबला.

खडूताई

सनावळी, मूर्ख नाहीत. मी स्वतः शिवरायांच्या गोष्टी ऐकूनच या विषयात आले (माझाच नियम मोडला, माफ करा), मला गोष्टीची ताकद सांगू नका. माझं भांडण गोष्टीशी नाही. गोष्ट अर्ध्यावर सोडून देण्याशी आहे. तुम्ही म्हणता एक पिढी मागे थांबा. ठीक. पण मधली ती तीस वर्षं रिकामी थोडीच राहतात? दुसरं कुणीतरी ती भरतं, आणि त्याच्यापाशी ना साधनं असतात ना दुसरी बाजू. शाळा ते 'अजून इतिहास झालेलं नाही' म्हणून बाजूला ठेवते, पण मुलाच्या मनात ते कधीच इतिहास होऊन बसलेलं असतं.

तळटीप

खडूताई, आता तुमच्याच विरोधातला पुरावा देतो, कारण तो लपवला तर मला झोप येणार नाही.

उत्तर आयर्लंड. तिथल्या शाळांनी थांबणं सोडून दिलं होतं. माध्यमिकला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांचा इतिहास, साधनं तपासून, दोन्ही बाजू मांडून शिकवतात, आणि बरेच शिक्षक ते मनापासून करतात. बार्टन आणि मॅककली या दोन अभ्यासकांनी तिथल्या मुलांशी बोलून पाहिलं. मुलं म्हणाली की शाळेतला इतिहास त्यांना आवडतो, दोन्ही बाजू कळतात म्हणूनच आवडतो. पण वर्ष पुढे सरकतं तसं त्यातली बरीच मुलं शाळेतून नेमकं तेवढंच उचलू लागली जे त्यांच्या गल्लीतल्या गोष्टीला पूरक आहे. घरांच्या बाजूच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं, मिरवणुका, घरातली बोलणी: ते सगळं आधीच होतं. शाळेने त्याला आणखी तपशील पुरवले.

म्हणजे शिकवून प्रश्न सुटतोच असं नाही. चांगलं शिकवूनही सुटत नाही.

सनावळी

बघा! मी हेच म्हणतोय सकाळपासून.

तळटीप

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही म्हणालात एक गोष्ट घट्ट बसवा. तिथे दोन गोष्टी आधीच घट्ट बसलेल्या होत्या, म्हणून तर पंचाईत. एकच गोष्ट सरकारने बसवायची म्हटली की काय होतं तेही पाहून घ्या: दक्षिण कोरियात २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की माध्यमिक शाळांना सरकारनेच लिहिलेलं एकच इतिहासाचं पुस्तक. प्रचंड विरोध झाला, मग राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग झाला (कारण वेगळं होतं), नवं सरकार आलं आणि २०१७ च्या मे महिन्यात पुस्तक रद्द. सोव्हिएत संघात तर १९८८ मध्ये शाळांच्या इतिहासाच्या परीक्षाच रद्द कराव्या लागल्या. कारण पुस्तकात एक आणि रोजच्या वर्तमानपत्रात दुसरंच छापून येत होतं. उत्तरपत्रिका तपासायची कशी? 'बरोबर' उत्तर लिहिणारं पोर खोटं लिहितंय हे तपासणाऱ्यालाही माहीत होतं.

शंकासुर

इतिहासाची परीक्षा रद्द? हे मला १९८८ ला कुणी सांगितलं असतं तर मी रशियन शिकलो असतो.

अर्धविराम

उत्तर आयर्लंडचा मुद्दा मला अस्वस्थ करतो, पण त्यातून 'म्हणून शिकवू नका' निघत नाही. मुलांना ते आवडत होतं, हे त्यात आहेच की. घरची गोष्ट आणि शाळेची गोष्ट या दोन वेगळ्या वह्यांत राहिल्या, एकत्र कधी आल्याच नाहीत. शाळेने 'दोन्ही बाजू' शिकवल्या, पण मुलाची स्वतःची बाजू विचारली का? माझ्या मुलीला एकदा गृहपाठ होता: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एका ठरावीक वर्षाबद्दल विचारा. आमच्या घरातून गेलेलं उत्तर वर्गात कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. एवढंच केलं. पण पोरगी महिनाभर त्यावर बोलत होती.

पॅलेस्टिनी आणि इस्रायली शिक्षकांनी मिळून केलेलं एक पुस्तक आहे. डॅन बार-ऑन आणि सामी अदवान या दोघांच्या पुढाकाराने. पानावर तीन रकाने. एका कडेला इस्रायली कथन, दुसऱ्या कडेला पॅलेस्टिनी. १९४८ च्या एकाच घटनेचं एकीकडे नाव 'स्वातंत्र्ययुद्ध', दुसरीकडे 'नकबा', म्हणजे अरिष्ट. आणि मधला रकाना कोरा. तो विद्यार्थ्याने भरायचा. दोन्ही कथनं एक करण्याचा प्रयत्नच नाही. तिथे आता जे चाललंय ते बघता त्या कोऱ्या रकान्याने काय साधलं असं कुणीही विचारेल, आणि माझ्याकडे उत्तर नाही. पण शालेय पुस्तकात कोरी जागा मुद्दाम छापलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मधली_सुट्टी

आमच्या पुस्तकात होती की. 'टिपणे' म्हणून शेवटची दोन पानं. त्यावर आम्ही फुली-गोळा खेळायचो.

सनावळी

मी एक पाऊल मागे घेतो. एकच. गोष्ट आधी, यावर मी ठाम आहे. पण गोष्ट सांगणारा आणि 'पुढे काय झालं' ला उत्तर देणारा एकच माणूस असावा, हे खडूताईंचं म्हणणं पटतंय. नाहीतर गोष्ट आम्ही सांगायची आणि शेवट भलत्यानेच जोडायचा. माझ्या स्वतःच्या घरात हेच झालंय. पुतण्या मला तारखेसकट चुकीच्या गोष्टी ऐकवतो. तारखेसकट असल्यामुळे मला लगेच खोडताही येत नाहीत.

खडूताई, तुम्ही वर्गात काही करून पाहिलंत का? की नुसताच धागा?

खडूताई

केलं. तीन आठवड्यांनी येतेय, म्हणूनच.

नवीन नववीला पहिल्याच आठवड्यात हे घेतलं, शेवटी तासिका उरत नाही म्हणून. पुस्तक थांबतं त्यानंतरची एक घटना निवडली. कोणती ते सांगणार नाही, नाहीतर संपादकांना काम लागेल. वहीच्या पानावर तीन रकाने आखले. डावीकडे: घरात कुणालाही विचारून ते सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे: त्या दिवसाच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्या. त्या मी ग्रंथालयातून काढून झेरॉक्स करून दिल्या, दोन्ही पत्रं एकमेकांच्या विरुद्ध बाजूची. मधला कोरा.

सुरेख वगैरे काही झालं नाही. एक्केचाळीस मुलांपैकी सतरा जणांनी डावा रकाना भरलाच नाही, "घरी सांगत नाहीत" म्हणाले. चौघांनी डावीकडे सरळ व्हिडिओतलं उतरवलं. एका पालकांचा फोन आला, आवाज चढलेला होता. मी अर्धविरामांचं वाक्य म्हणून दाखवलं: मी मत दिलेलं नाही, वादाचं आहे ते वादाचं म्हणून मांडतेय. या वेळी मुख्याध्यापकांना आधीच लिहून दिलं होतं, त्यामुळे ते दालनातच मिटलं. फोनवरच्या गृहस्थांना पटलं असं मात्र मुळीच नाही.

मधल्या रकान्यात बहुतेकांनी 'दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे' असं लिहिलं. मी त्याला शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, 'कुठलं थोडं?' त्यावर वर्गात जे भांडण झालं ते पुढच्या तासाच्या बाईंना दार वाजवून थांबवावं लागलं.

एका मुलीच्या आजीने सांगितलं होतं की त्या दिवशी धो धो पाऊस होता, म्हणून ती घराबाहेर पडली नाही आणि वाचली. दोन्ही वर्तमानपत्रांत पावसाचा शब्द नाही. पोरीने मधल्या रकान्यात एवढंच लिहिलं: 'आजी खोटं बोलत नाही. पेपरवाले पावसाबद्दल का खोटं बोलतील?' तिने घरी जाऊन आजीला बातमी वाचून दाखवली. आजी रागावली. मग दोन दिवसांनी निरोप आला की तारीख चुकली असेल, आदल्या आणि नंतरच्या दिवसाचे पेपर आणा, मला बघायचेत.

उद्या ग्रंथालयात जातेय. त्यांच्याकडे जुनी वर्तमानपत्रं महिन्याच्या गठ्ठ्यांनी बांधलेली असतात, पूर्ण महिनाच काढून आणते.